चार बोटांचा काठ

भाऊ त्या गुरुवारी रात्री पावणेनऊला घरातून निघाला, तो फक्त एका चित्राची फ्रेम बघायला. माझा थोरला भाऊ, फ्रेमवाला. दुकान त्याचं, मी हाताखाली. चित्र खालून ओलं होतंय, असा एका मुलीचा फोन आला होता. तिची आई, आमच्या जुन्या गिऱ्हाईक मावशी, जाऊन जेमतेम महिना झाला होता.

चित्र आम्हाला चांगलं ठाऊक होतं. त्या मावशींच्या नवऱ्यानेच काढलेलं. शांत तळं, पलीकडे झाडं, सगळं अगदी हुबेहूब. डाव्या काठावर नखाएवढी बाई, पाण्यात पाय सोडून बसलेली. फ्रेमला टाकताना मावशी लाजत म्हणाल्या होत्या, "ती मीच. चाळीस वर्षांत एवढंच काढलं मला."

नेमकी फ्रेमची पट्टी कमी पडली. नवी आणायचा कंटाळा. भावाने चित्रच डावीकडून चार बोटं कापलं. मोजपट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं, हेही ऐकून ठेवा. मावशी न्यायला आल्या तेव्हा चष्मा पुसून पुसून काठ शोधत राहिल्या. भाऊ म्हणाला, "तिथे कुणी नव्हतंच, मावशी."

कापलेला तुकडा माझ्या खणात होता. मी मान खाली घालून खिळे निवडत बसलो.

"असेल," मावशी म्हणाल्या. "वयानं होतं असं."

लाज वाटते रे पोरांनो. भुताची भीती जाते, ही जात नाही.

तर, त्या रात्री. मुलगी पाणी आणायला आत गेली. भिंत कोरडी. फ्रेमचं खालचं लाकूड मात्र ठिबकत होतं. एक थेंब... मग दुसरा. भावाने चित्र उतरवलं. दिव्याखाली धरलं.

तळ्यात बाई उभी होती.

कमरेएवढ्या पाण्यात. तोंड डावीकडे, कापलेल्या कडेकडे...

बसायला काठच नव्हता.

दारातून मुलगी म्हणाली, "काका, ही बाई आधीपासून होती का हो यात?"

"होती," भाऊ म्हणाला. तेवढंच. आपण काय केलं, ते काही त्याच्या तोंडून निघालं नाही. शेवटपर्यंत नाही.

घरी येऊन त्याने मला उठवलं. मी दुकानात जाऊन खण उघडला. हा तो तुकडा. घ्या, बघा. काठ आहे, गवत आहे. बाई नाही.

आठ वर्षं कोरड्या डब्यात ठेवलाय. हात लावून बघा हवं तर... नंतर बोट पुसून घ्या.