संयोगिताचे गुडघे

"घडीचीच घेऊ म्हणतोय मी!" धैर्यशील सरनोबतांनी दुकानाच्या ओट्यावरची छोटी सायकल एका हातानं उचलून दाखवली. "अकरा किलो. दुमडली की तंबूत उशाला ठेवता येते. तुझं ते इलेक्ट्रिकचं धूड ओढत कोण बसणार?"

"तुम्हाला नको असेल हो. मला पाहिजे," संयोगिता म्हणाली. "माझे गुडघे."

हे गुडघे सरनोबतांच्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होते. जिन्यात दुखायचे, देवळाच्या पायऱ्यांवर दुखायचे, पन्हाळ्याच्या पहिल्या वळणावर तर हमखास. ते दुखले की संयोगिता थांबायची, मग धैर्यशीलही थांबायचे आणि कमरेवर हात ठेवून ओरडायचे, "म्हातारे, चल की!" तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलेला माणूस. बायकोसाठी थांबावं लागतं याचा त्यांना थोडा वैताग होता आणि बराचसा अभिमान.

पुढच्या महिन्यात दोघं आंबेरानच्या जंगलात मुक्कामाला जाणार होते. सह्याद्रीतल्या राखीव जंगलांत आता मोटारी फाटकाशीच थांबतात. पुढं चौदा किलोमीटर चढ, तंबू आणि शिधा आपला आपण न्यायचा, पायी नाहीतर सायकलवरून. त्यामुळं पन्हाळ्याच्या पायथ्याला भाड्यानं तंबू देणारी दुकानं जाऊन सायकलींची दुकानं आली होती. ज्यांच्या पायात दम आहे ते घडीची सायकल नेत, बाकीचे इलेक्ट्रिक. यंदा त्यात जोडसाथ नावाचा तिसरा प्रकार आला होता.

इलेक्ट्रिक सायकलीची मोटर पायाला जी मदत करते, तिला दुकानदार साथ म्हणतात. जोडसाथेच्या दोन सायकली एकमेकींशी बोलतात. पायडलमधला संवेदक सेकंदाला शंभर वेळा पायाचा जोर मोजतो आणि हँडलची मूठ नाडी मोजते. दोघांपैकी जो मागं पडेल त्याच्या मोटरला आपोआप जास्त जोर मिळतो. दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत चढतात आणि कुणाला किती मदत झाली ते कळतही नाही. धैर्यशीलांनी बायकोच्या हट्टाखातर अशी जोडी आठ दिवस चालवून पाहिली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा आली होती. पन्हाळा इतका सोपा कधी वाटला नव्हता.

दुकान आफ्रीन मुल्लाचं. एकेकाळी शाळेच्या खो-खो संघात होती, सरांच्या हाताखाली तयार झालेली. ती आतून पाटी घेऊन आली. पाटी म्हणजे काचेचा पातळ पडदा, त्यावर आठ दिवसांचा अहवाल.

"हां, सांग आफ्रीन," धैर्यशील म्हणाले. "काकूला केवढी बॅटरी लागेल? मोठीच असणार."

आफ्रीननं एकदा संयोगिताकडं बघितलं. पहिल्याच दिवशी संयोगिता एकटी येऊन तिला विनवून गेली होती, आकडे सरांना दिसू देऊ नकोस म्हणून. हँडलवरचे आकडे झाकणं सोपं होतं, ते आफ्रीननं झाकले. पण आंबेरानच्या फाटकावर चढपत्र, म्हणजे चढ झेपेल असा सायकलवाल्याचा दाखला, दाखवावं लागतं. वर काही झालं तर लगेच गाडी येत नाही, म्हणून ज्याचा अहवाल त्याला तो वाचून दाखवायचा आणि त्याचाच अंगठा घ्यायचा, असा नियम. त्याला तिचा इलाज नव्हता.

"सर, काकूंना बॅटरी नसली तरी चालेल," ती हळू आवाजात म्हणाली. "मोठी तुम्हाला लागेल."

धैर्यशील खो खो हसले. "उलटं वाचतेस, बाई! सायकली बदलल्या असणार."

"होय, होय," संयोगिता घाईनं म्हणाली. "मीच बसत होते ह्यांच्या सायकलवर. माझंच चुकलं."

"काकू, सायकल आधी वजन ओळखते. ब्याऐंशी किलो, सरांचंच." आफ्रीनचा आवाज आणखी खाली गेला. "चढावर शंभरातला साठ जोर सरांच्या मोटरनं लावलाय. तुमची मोटर आठ दिवसांत एकदाही सुरू झाली नाही. उलट तुम्ही चढावर ब्रेक लावलाय. एकवीस वेळा."

"चढावर कोण ब्रेक लावतं?" धैर्यशीलांनी विचारलं.

त्यांनी पाटी हातात घेतली. खेळाच्या मास्तरला नाडीचा आलेख वाचायला शिकवावा लागत नाही. त्यांची रेघ एकशे अडुसष्टपर्यंत चढत होती, मग ठोके विस्कटत होते, एखादा गळत होता. त्यानंतर वीसेक सेकंदांत, दर वेळी, संयोगिताचा ब्रेक. थांबताना तिची नाडी चौऱ्याण्णव.

"तू माझ्यासाठी थांबत होतीस."

"मोटर पूर्ण जोर लावायची आणि तरी तुम्ही मागं पडायला लागायचात," संयोगिता म्हणाली. "तुमचा श्वास बदलतो हो. बारीक शीळ घातल्यागत येतो. तो ऐकला की माझे गुडघे दुखायचे."

"आणि दुखत नव्हते?"

"एक दिवस नाही."

धैर्यशीलांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "अगं, मी लोकांना सांगत फिरलो, बायकोचे गुडघे गेलेत! मला काय कुक्कुलं बाळ समजलीस? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसलीस?"

"बसले." तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "शाळेतला शेवटचा दिवस आठवा. शिट्टी आणि मैदानाच्या किल्ल्या परत देऊन आलात आणि न्हाणीघरात दार लावून रडलात. मी बाहेर उभी होते. अंगातला दम तेवढा आपला राहिलाय, असं तुम्हीच म्हणायचात. तो मी कसा काढून घेऊ?"

"दोन वर्षं, संयोगिता!" आता ते ओरडले नाहीत, आणि त्यानंच आफ्रीनला जास्त भीती वाटली. "ह्या पोरीनं आज दाखवलं ते तू दोन वर्षांपूर्वी दाखवलं असतंस, तर मी तेव्हाच डॉक्टरकडं गेलो असतो."

"मी म्हटलं होतं, तपासून घेऊ. तुम्ही म्हणालात, मला काय धाड भरलीय, तुझे गुडघे दाखव आधी. मग दाखवले मी. चांगल्या गुडघ्यांना चार महिने मालिश करून घेतली, काय करणार?" तिनं पदरानं डोळे टिपले. "चुकलं माझं. मला वाटायचं, मी हळू चालले की तुमचंही बरं होईल."

धैर्यशीलांना तिचा भयंकर राग आला होता आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही.

"सर, हे यंत्र म्हणजे डॉक्टर नव्हे," आफ्रीन म्हणाली. "ठोका चुकतोय एवढंच ते सांगतं. का चुकतोय ते तपासल्यावर कळेल. बरंही होत असेल. पण तोवर चढपत्र मला देता येणार नाही. आणि उद्याच जावा, सर. पुढच्या आठवड्यात म्हणू नका."

त्यांनी मान हलवली, पाटीवर अंगठा टेकवला आणि उठून ती अकरा किलोची घडीची सायकल ओट्यावरून खाली रस्त्यावर ठेवली.

"बस," ते बायकोला म्हणाले.

"काय?"

"हिला मोटर नाही, जोड नाही. त्या वरच्या वळणापर्यंत जा. तुझ्या दमानं."

"नको हो, आत्ता काय?"

"मला बघायचंय. इतकी वर्षं माझ्याबरोबर कोण चालत होतं ते मी बघितलंच नाही. जा की!"

संयोगितानं पदर खोचला. पायडलचे पहिले चार-पाच फेरे ती सवयीनं हळू गेली, एकदा मागं वळून पाहिलं. धैर्यशीलांनी हात हलवला. मग ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पायडल मारू लागली.

सत्तावन्न वर्षांची बाई. धैर्यशील नकळत तिचे फेरे मोजायला लागले, मैदानावर मोजायचे तसे. पाय सरळ रेषेत, खांदे सैल, कुठं धडपड नाही. शाळेत असती तर पहिल्याच दिवशी जिल्ह्याच्या संघात घेतली असती, असं त्यांना वाटलं आणि छाती अभिमानानं भरून आली. त्याच छातीत काहीतरी धडपडलंही. ह्या वेळी त्यांनी तिथं हात ठेवला.

वळण आलं. ती थांबली नाही. पाठमोरी साडी कातळाआड गेली आणि रस्ता रिकामा झाला.

"येतील, सर," आफ्रीन म्हणाली.

"आफ्रीन," ते म्हणाले, "दोन वर्षं ती माझा श्वास ऐकून थांबायची. तिथनं तो तिला ऐकू येत नाही. मग आता ती थांबणार कुठं?"