फ्रान्समधलं घर आणि दाराशी काढलेले बूट

इलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होता.

तशी सुरुवात बाबांनी केली होती. परदेशातली घरं विकणाऱ्या एडिसनमधल्या एका छोट्याशा ऑफिसात एक गालिचा, भिंतीवर मोठा स्क्रीन आणि टेबलावर जाड काळ्या गॉगलसारखा व्हीआर हेडसेट होता. तो डोळ्यांवर चढवला, की माणूस न्यू जर्सीतून थेट फ्रान्सच्या एका खेड्यात, विकायला काढलेल्या जुन्या दगडी मॅनर हाऊसच्या, म्हणजे वाड्यासारख्या घराच्या, दारात उभा राही.

"घरात शिरायचं तर बूट काढायला नकोत?" असं म्हणून बाबा मोज्यांवर उभे राहिले. पाठोपाठ आईने चपला काढल्या. इलाला कुठे बघावं ते कळेना. पण त्या ऑफिसातला तो तरुण हसला नाही. त्याने आपलेही बूट काढले आणि त्यांच्या पादत्राणांशेजारी नीट मांडून ठेवले.

त्याचा एक मोजा काळा होता, एक गडद निळा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, रूबेन के.

"इटालियन असेल," आई मराठीत म्हणाली. "पण वळण चांगलं आहे पोराला."

इला हसली नाही. मागच्या रविवारी बसलेला धक्का अजून ओसरला नव्हता. पोहे खाता खाता बाबा म्हणाले होते, "आम्ही दोघं फ्रान्सला राहायला जायचं म्हणतोय. इथलं घर विकून टाकू." आवाज असा, की जणू दूध संपलंय असं सांगताहेत. तिचा चमचा हवेतच राहिला. आईने लगेच फोटो दाखवले होते. करड्या पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर, निळसर खिडक्या, मागे अक्रोडाची झाडं, स्वयंपाकघरात पाव भाजायची जुनी भट्टी. तुळया नव्याने घासलेल्या आणि फरशीखालून ऊब.

"म्हातारपणी पाय गार पडायला नकोत," आई म्हणाली होती.

आणि इला म्हणाली होती, "छान आहे."

छान कुठलं… सिएटलची चांगली नोकरी नाकारून ती यांच्यापासून दहा मिनिटांवर राहत होती. का नाकारली, ते मात्र तिने कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरात असं काही बोलायची पद्धत नव्हती. एकमेकांच्या ताटात न विचारता वाढायची पद्धत होती.

बाबा हेडसेट आणि हेडफोन लावून हवेत हात फिरवत फ्रान्समध्ये हिंडू लागले. आई हात धुवायला गेली. तेवढ्यात इलाची मैत्रीण अदितीचा फोन आला आणि इलाच्या मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"खरंच चाललेत गं ते… नका जाऊ म्हणायची हिंमत होत नाहीये. मी इथे यांच्यासाठी राहिले, आणि हे मलाच सोडून चालले, यार." तिने डोळे पुसले. "नाही, कुणी नाही इथे. एजंट आहे, त्याला काय कळतंय. त्याच्यावर चिडायला आले होते, पण चिडता पण येत नाहीये. कसा आहे म्हणजे? डोळे… दूध कमी पडलेल्या चहासारखे आहेत. हस तू. असा चहा मला आवडतो, काय करू."

दोन हातांवर वायर गुंडाळत बसलेल्या रूबेनच्या हातून वायर निसटली. त्याने ती उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. कान लाल झाले होते, पण इलाला वाटलं, हीटर जास्त लागला असेल.

पुढच्या भेटीच्या वेळी बाहेर बारीक, चिवट पाऊस होता. बाबा पेन खिशाला लावून आले होते. आज 'हो' म्हणायचं ठरलं होतं. रूबेन मात्र घर विकायला बसलेल्या माणसासारखा बोलत नव्हता. हॉस्पिटल बरंच लांब आहे, हिवाळ्यात शेजारची घरं बंद असतात, जिना सुंदर आहे पण उभा आहे, असं तो इंग्रजीत एकेक सांगत होता.

"हा असा धंदा करतो?" बाबा मराठीत पुटपुटले.

"जिना बघूनच घेते," म्हणत आईने हेडसेट लावला.

ती वरच्या मजल्यावर पोचली, तिने खाली वाकून पाहिलं, आणि तिचा तोल गेला. "अगं बाई… पडले मी, इला—"

इला उठायच्या आत रूबेन पुढे झाला होता. "काकू, घाबरू नका. पायाखाली गालिचाच आहे. माझा हात धरा… हं, असा. आता डोळे मिटा, मी काढतो."

स्क्रीनवर फ्रान्समधला जिना तसाच थरथरत राहिला.

आई डोळे चोळत त्याच्याकडे बघत होती. "तू… मराठी?"

"किहीमकर," तो खाली मान घालून म्हणाला. "इथल्या लोकांना म्हणता येत नाही, म्हणून नुसतं के. आम्ही बेने इस्रायली, काकू, कोकणातले ज्यू. आमच्याकडे शुक्रवारी दिवे लावतात आणि रोज मराठीत भांडतात."

इला काही ऐकत नव्हती. तिच्या डोक्यात आपलीच वाक्यं एकामागून एक परत येत होती. हिंमत होत नाहीये… दूध कमी पडलेला… असा चहा मला आवडतो. ती सरळ बाहेर गेली. गाडीपाशी पोचल्यावर कळलं, की पायात नुसते मोजे आहेत.

मागून तो आला. एका हातात छत्री, दुसऱ्यात तिचे बूट.

"सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"सांगणार होतो. पण तोवर तुम्ही माझ्या डोळ्यांपर्यंत पोचला होतात." तो अडखळला. "त्यानंतर, मला मराठी येतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"आणि आधीचं?"

"तेही ऐकलं."

"आईबाबांना सांगितलंत?"

"नाही. ते तुमचं आहे. मी फक्त हॉस्पिटल किती लांब आहे ते सांगितलं. तेही खरं आहे म्हणून." त्याने छत्री तिच्यावर धरली. त्याचा अर्धा खांदा भिजत होता. "बूट घाला. आणि आत जाऊन बोला त्यांच्याशी… ते सही करायच्या आत."

"तुमची विक्री जाईल."

"जाईल," तो म्हणाला. "बॉस चिडेल. चिडू दे."

ती आत गेली. आई खुर्चीत पाणी पीत होती. बाबांच्या हातात पेन होतं.

"जाऊ नका," इला म्हणाली. एवढंच. लहानपणी शाळेच्या दारात म्हणाली असेल, त्यानंतर आजच.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. पेनाचं टोपण लावायचं त्यांना सुचेना.

"पण आम्ही तुझ्यासाठीच चाललो होतो ना," शेवटी आईच बोलली. "तू आमच्यापायी इथे अडकून पडलीस. सिएटलचं कळलं होतं आम्हाला. तुला जा म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. मग म्हटलं, आपणच निघावं."

"फ्रान्सला?"

"जवळपास कुठे गेलो असतो, तर तू तिथेही आली असतीस," बाबा म्हणाले.

इला मटकन खाली गालिच्यावर बसली. हसावं की रडावं… तिला दोन्ही एकदम आलं. बाबा तिच्या शेजारी बसले. गुडघा वाजला त्यांचा. दारात रूबेन छत्री मिटायची विसरून उभा होता, आणि तिचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"आत ये रे," आई म्हणाली. "फ्रान्सला नाही जात आम्ही. शनिवारी जेवायला ये. तुला काय चालतं, काय नाही, ते आधी सांग."

त्या शनिवारी तो आला. त्यानंतरही येत राहिला, कधी आईला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कढीपत्ता आणून द्यायला, तर कधी बाबांना तुळया कशा घासतात ते सांगायला.

मॅनर हाऊस दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. जाहिरात काढून टाकायच्या आदल्या संध्याकाळी इला भर पावसात एकटीच ऑफिसात गेली.

"मी ते घर पाहिलंच नाही," ती म्हणाली. "रागात होते ना. आज दाखवता?"

तिने दाराशी बूट काढले. त्यानेही काढले. आज दोन्ही मोजे काळे होते. तिच्या ते लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात आलं याचीच तिला लाज वाटली.

हेडसेट लावताच सगळं दिसेनासं झालं, तो, खोली, पाऊस. समोर दगडी चौकट आणि उघडं दार.

"समोर चला," त्याचा आवाज डावीकडून आला. "ही बैठक. सावकाश… ही भट्टी. खिडकीपाशी थांबा. अक्रोडाची झाडं दिसताहेत?"

"दिसताहेत." सुंदर होतं सगळं. ती खिडकीपाशीच थांबली. "रूबेन, इथून तू मला दिसत नाहीस."

तिने पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं.

"नाही."

"मग आत्ताच सांगते. तुझ्या डोळ्यांकडे बघून जमणार नाही." तिने श्वास घेतला. "ते चहाचं मी म्हणाले होते… ते नुसत्या डोळ्यांबद्दल नव्हतं. आणि आता मला माहितेय की तुला मराठी कळतं."

खिडकीबाहेर अक्रोडाची पानं आवाज न करता हलत होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग घाबरून हेडसेट वर ढकलला.

तो तिथेच उभा होता, तिच्याकडे बघत. तोंड किंचित उघडं, आणि हातातली गुंडाळलेली वायर सगळी सुटून पायाशी पडलेली.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली. "कुठल्याही भाषेत."

त्याने ओठ हलवले. मग त्याने नुसता हात पुढे केला, आईसाठी केला होता तसाच, आणि इलाने तो धरला.