तांबडी चांदणी नसलेला रकाना

"भाऊ, तलाठ्याचा फॉर्म भरायचाय," असं म्हणत धनश्री शिंगाडे त्या दुपारी बीडच्या स्टँडमागच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिरली. प्रेमकथेची सुरुवात 'भाऊ' या शब्दाने होऊ नये, कबूल. पण आपल्याकडे रिक्षावाला भाऊ, कंडक्टर भाऊ, भेळवालासुद्धा भाऊच. हा बिनखर्चाचा शब्द एक दिवस अंगाशी येईल, हे तिला कुठून ठाऊक असणार?

आणि पावसाचं म्हणाल, तर बीडला तो पेरणीला वेळेवर येत नाही, गोष्टीत कुठून आणू? रखरखीत ऊन होतं. कोपऱ्यात कूलर घरघरत होता आणि वाळ्याचा ओला वास सुटला होता.

"सर्व्हर डाऊन हाय," खुर्चीतल्या मुलाने मान वर न करताच सांगितलं. मग मान वर केली... आणि आवाज जरा मऊ झाला. "बसा ना. आला की भरू."

हा रविराज. पाटोद्याकडच्या मोहनरावांचा धाकटा. मोहनराव म्हणजे बागाईत जमीन, दारात जीप आणि तालुक्याचं राजकारण ओसरीवर. बापाच्या सभांमध्ये जीव रमेना म्हणून पोराने बीडला हे सेंटर टाकलं होतं. धनश्रीचे वडील सटवा मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरायचे आणि वाटेत ज्याच्या रानात बसायला जागा मिळेल तिथे मेंढरांचा वाडा लावायचे. त्या घरातली ही पहिली पदवीधर, बीडला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करणारी.

शेजारच्या स्क्रीनवर काळंभोर आभाळ होतं आणि त्यातून एक जहाज सावकाश चाललं होतं.

"हे काय हाय?"

"अंतराळ. खेळ हाय. जगातले लाखभर लोक एकाच टायमाला खेळतेत."

"आनि तुमी दुकानात बसून हेच करता?"

"फक्त सर्व्हर डाऊन असल्यावर." तो थांबला. "म्हंजे दिवसभर."

धनश्रीला हसू आलं. ओढणीच्या टोकाने तिने ते पुसल्यासारखं केलं, पण ते पुसलं गेलं नाही.

"तुमचं बी एक मानूस बनवू का तवर?" त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "हा बी फॉर्मच हाय. फकस्त लई मोठा."

फॉर्म म्हटल्यावर धनश्रीचं अंग आपोआप ताठ झालं. पहिलाच रकाना नावाचा. तिने मोठ्या अक्षरांत, एकेक कळ दाबत, आडनाव आधी घालून पूर्ण नाव टाईप केलं. शिंगाडे धनश्री सटवा. आणि कायमचं करायचं बटण दाबून मोकळी झाली.

रविराजने कपाळावर हात मारला. "अवो, लोक इथं वादळ, वाघ, यमदूत असली नावं ठिवतेत..."

"धाव्वीच्या सर्टिफिकेटवर हाय तेच टाकलं. नंतर मॅच न्हाई झालं तर कोन जबाबदार?"

"आता बदलता यायचं न्हाई."

"कावून बदलू? वंगाळ हाय का नाव?"

"न्हाई..." तो म्हणाला. "चांगलं हाय." आणि गरज नसताना बराच वेळ त्या नावाकडे बघत बसला.

पुढचा रकाना आला आणि धनश्री थबकली. खेळातल्या माणसाचा जन्म कोणत्या घरात, ते निवडायचं होतं. राजघराणं, व्यापारी, सैनिक, आणि शेवटी भटके – जनावरं घेऊन या चंद्रावरून त्या चंद्रावर जाणारे.

"इथं आईबाप बी आपनच निवडायचे?"

"व्हय."

"मंग तुमी कोन?"

रविराज जरा चाचरला. "राजघरान्यातला."

"तिथं बी?" ती अशी खळखळून हसली की बाहेर चहा देणारा बाप्या आत डोकावून गेला. हसता हसताच तिने शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. "आमी भटकेच बरे. मेंढरं तरी असत्याल."

चेहरा घडवायला दुसरी दुपार गेली. सर्व्हर त्या दिवशी ठणठणीत होता, फॉर्मही भरून झाला होता, तरी ती आली. का आली ते तिनेही स्वतःला विचारलं नाही.

"नाक जरा सरळ करू का?" तिने विचारलं.

"हाय तसं ठिवा."

"खेळातल्या बाईचं म्हनते मी."

"मी बी... तिचंच म्हनतोय." त्याचे कान लाल झाले होते. धनश्रीने ते पाहिलं आणि नाकावरून माउस काढून घेतला.

शेवटी एक लांबरुंद रकाना उरला. 'स्वतःबद्दल लिहा.' ती खुर्चीतून उठू लागली.

"आवो, हे ऱ्हायलं की."

"तांबडी चांदनी कुठं हाय त्याला?" फॉर्म भरून भरून धनश्रीचा हा नियम पक्का झाला होता. रकान्यापुढे तांबडी चांदणी असेल तर भरायचा, नसेल तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. वेळ जातो आणि चूक होते. "ऐच्छिक हाय ते. असलं कुनी वाचत बी नस्तं."

"मी वाचतो."

"तुमाला काम न्हाई म्हनून."

"बरं, ऱ्हाऊ द्या रिकामा. बाकी सगळं पक्कं झालं, हा एकच रकाना कवाबी भरता येतोय." तो मशीन बंद करायला वाकला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आन एक... मला भाऊ म्हनू नका."

"मंग काय म्हनू?"

"काहीच नका म्हनू. नुसतं बोला."

त्या दिवसापासून ती त्याला काहीच म्हणेनाशी झाली. हाक न मारता बोलणं किती अवघड असतं, आणि किती गोड, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

दुपारच्या सुट्टीत मग अंतराळात चक्कर ठरलेली. तिचं जहाज बादलीएवढं, त्याचं गावाएवढं. तो तिच्या मागेमागे राखणीला उडायचा. त्या खेळात शिकायचं ते रात्रंदिवस खेळून नव्हे, कॅलेंडरवर. एक विद्या शिकायला लावून द्यायची, आपण आपल्या कामाला जायचं, दिवस भरले की ती आलेली असायची.

"म्हंजे विरजन लावल्यावानी," धनश्री म्हणाली.

"बरोबर. सारखं झाकन काढून बघायचं न्हाई."

पण ती बघायचीच. खेळाचं छोटं रूप फोनवरही होतं. सकाळी अभ्यासिकेत बसण्याआधी ती ते उघडायची, आपलं शिकणं कुठवर आलं ते बघायची आणि लगेच बंद करायची.

दिवाळीनंतर सटवा कळप घेऊन निघून गेले. परीक्षा पंधरा दिवसांवर आली. त्या दुपारी रविराजने तिला काही न सांगता स्क्रीन तिच्याकडे वळवली. गावाएवढं जहाज गेलं होतं. त्याचा चार वर्षांचा राजघराण्यातला माणूसही गेला होता. तिच्या बादलीशेजारी दुसरी बादली उभी होती, आणि वर नाव होतं, आडनाव आधी, सर्टिफिकेटप्रमाणे. जन्म: भटके.

"हे काय केलं तुमी?"

"जुना पुसला. पहिल्यापासून नवा बनवला."

"चार वर्षांचं सगळं गेलं ना?"

"जाऊ द्या." कूलर आता बंद होता, त्यामुळे खोलीत रविराजचा श्वासही ऐकू येत होता. "तुमच्यातला झालो."

धनश्रीच्या छातीत काय झालं ते सांगायची सोय नाही. तिला हो म्हणायचं होतं. पण डोळ्यांपुढे मोहनरावांची ओसरी आली, बापाचा वाडा आला, आणि भ्यालेलं माणूस बोलतं तसं ती टोचून बोलली, "खेळात सोपं हाय... बाहेर करून दाखवा."

तो हसला नाही. "दाखवतो," म्हणाला.

"परीक्षा हुईस्तोवर फोन बी नका करू मला."

"न्हाई करनार."

आणि मुलगा शब्दाचा इतका पक्का, की खरंच त्याने केला नाही.

परीक्षा आठ दिवसांवर असताना अभ्यासिकेच्या दारात जीप थांबली. ठसठशीत कुंकू लावलेल्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या एक बाई कापडी पिशवी सांभाळत उतरल्या. वच्छलाबाई, रविराजची आई. धनश्रीला त्यांनी पायरीवर बोलावून घेतलं.

"तू सटवाची पोरगी ना?"

"व्हय काकू."

"आमचा रविराज घरी काय काय बोललाय." बाई शांत होत्या. त्या शांतपणाचा अर्थ धनश्रीला लागेना. "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, पोरी. तू काय म्हन्तीस त्याला?"

धनश्रीला एकाच वेळी सगळं दिसलं. गंगथडीवरून परत येताना बापाचा कळप याच लोकांच्या रानातून येणार. मोहनरावांनी नुसती मान हलवली, तर सटवाला तालुक्यात मेंढरू टेकवायला जागा उरायची नाही. बाई खडसावायला आल्या असतील... नाही तर कबुली काढून घ्यायला.

"भाऊ म्हन्ते," ती म्हणाली.

वच्छलाबाई तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधावं तशा बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या. "शिक. मोठी हो." आणि वळल्या. वळताना पिशवीचं तोंड उघडं पडलं. हिरव्या खणाची घडी होती, आणि तिच्यावर नारळाची शेंडी.

देवीची ओटी भरायला निघाल्या असतील, असं धनश्रीने स्वतःला समजावलं. पण जीप देवीच्या वाटेला वळली नाही. ती सरळ पाटोद्याच्या रस्त्याला लागली.

परीक्षा झाल्यावर ती सेंटरवर गेली. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. पुण्याला नोकरी मिळाली म्हणून रविराज सेंटर दुसऱ्याला देऊन चालला होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच मऊ बोलला.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला." तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. "मी त्या दिवशी..."

"काय?"

"...काही न्हाई."

"तुमचं सगळ्यात मोठं शिकनं लावून ठिवलंय," तो म्हणाला. "अकराशे दिवसांचं. झाकन काढून बघू नका."

या वेळी मात्र तिने ऐकलं. फोनवरून तो खेळच काढून टाकला. बघवत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

ती पास झाली. शिरूर कासारकडच्या एका सजाची तलाठी झाली. सटवा आता दर बाजारी पोरीचं ऑफिस बाहेरूनच बघून जातात, आत यायला लाजतात. मोहनरावांच्या घरची लग्नपत्रिका ऑफिसात आली तेव्हा तिने ती नीट वाचून ड्रॉवरमध्ये ठेवली. मुलगी पुण्याचीच होती.

गेल्या बुधवारी दुपारी, सातबारा नेणारी माणसं जेवायला गेली होती, तेव्हा तिला एक मेल आला. तुमचं शिक्षण पूर्ण झालं आहे. तिला आधी वाटलं कुठल्या तरी क्लासची जाहिरात. मग नाव वाचलं. शिंगाडे धनश्री सटवा.

तिने लॅपटॉपवर खेळ उतरवून घेतला. काळं आभाळ होतं तसंच होतं. तिची बादली उभी होती आणि शेजारी ती दुसरी बादली. मालक तीन वर्षांत इकडे फिरकला नव्हता. त्याच्या नावापुढे एक पिवळा ठिपका होता. तो ठिपका तिने परीक्षेच्या आधीही रोज सकाळी फोनवर पाहिला होता. त्या माणसाने स्वतःबद्दलच्या रकान्यात नवीन काही लिहिलंय, एवढाच त्याचा अर्थ. ऐच्छिक रकाना. तिने तो कधी उघडला नव्हता.

आज उघडला. तारीख वच्छलाबाई आल्या त्याच्या आदल्या दिवसाची होती.

'फोन करायचा न्हाई म्हणून इथं लिहितो. बाहेर करून दाखवलं. आई कबूल झाली, वडलांचं ती बघून घेईल. उद्या नारळ घेऊन येतेय. तुम्ही घाबरू नका, फक्त खरं सांगा.'

धनश्रीने ते तीनदा वाचलं. म्हणजे त्याला वाटलं असणार, तिने वाचलंय. रोज सकाळी फोन बघते हे त्याला ठाऊक होतं. हे वाचूनसुद्धा ती भाऊ म्हणाली, हे मनात धरून तो बिचारा खुर्च्या रचत होता, तिला पेपर विचारत होता, आणि 'काय?' म्हणून शेवटचं एकदा थांबलाही होता.

बाहेर कुणीतरी "बाई आहेत का?" असं विचारलं. तिने "पाच मिनिटं," असं सांगितलं.

मग तिने आपलं पान उघडलं. नाव पक्कं होतं, जन्म पक्का होता, चेहरा पक्का होता, नाकसुद्धा होतं तसंच. फक्त शेवटचा रकाना रिकामा. आता हे वाचणारा माणूस पुण्यात दुसऱ्या कुणाचा होता आणि ते तसंच राहायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तरी तिने कर्सर तिथे नेला. तांबडी चांदणी नव्हती.

तिने लिहिलं, 'हो.'

बटण दाबलं, डोळे पुसले आणि बाहेर बसलेल्या माणसाला आत बोलावलं.