या अत्तराला ऋषी नको

काशीतल्या राजा घाटाच्या पायऱ्यांवर तो एकटाच बसला होता आणि दोन्ही मनगटं एकमेकांवर जोरजोरात घासत होता. शेजारी उघडी कुपी. वास ओळखीचा आला नि मला राहवेना.

"अहो, रगडू नका! बरबाद होईल ना सगळं!"

त्याने वर पाहिलं. चष्म्याआडचे डोळे... छान होते. खोटं कशाला सांगू?

"का बरं?"

"वरचा नाजूक वास उडून जातो. लावायचं आणि सोडून द्यायचं. यात बेला आहे, म्हणजे आपला मोगरा, कडुनिंबाचा मोहर आहे, उन्हात तापलेल्या नावेचं लाकूड आहे—"

"तुम्हाला नुसत्या वासावरून इतकं कळलं?"

"वासावरून कशाला? मीच बनवलंय."

तो धडपडत उभा राहिला. माझं अत्तर विकायला घेणाऱ्या कंपनीचा, पुण्याहून येणारा जाहिरातवाला निनाद तो हाच! संध्याकाळी आमच्याकडेच यायचा होता.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर धुकं, घाट, जटाधारी म्हातारा आणि घनगंभीर आवाज : 'हजारो वर्षांपूर्वी एका ऋषीने...'

"ऋषी कोण?" मी विचारलं.

"कंपनीला हवाय. बनारस म्हटलं की लोकांना ऋषी लागतो."

"आणि मी?"

"तुम्ही... पडद्यामागे."

माझा चेहरा तापला. निंबाचा मोहर अत्तरात उतरवता उतरवता माझे कितीतरी चैत्र गेले होते. कॉलेजातली नोकरी त्यापायी सोडली, लोकांची बोलणी खाल्ली. आणि आता श्रेय पडद्यावरच्या या दाढीवाल्याला? डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

बाबा शांतपणे उठले. अत्तरदाणी आणली, निनादच्या हाताला अत्तर लावलं, विडा पुढे केला.

आमच्या काशीतल्या मराठी घरांतून ही पेशवाईपासूनची रीत. अत्तर लावून विडा दिला, की बैठक संपली, पाहुण्याने उठायचं. निनादला काय ठाऊक! "केवढा मान दिलात, काका," असं म्हणत त्याने विडा तोंडात टाकला आणि चांगली मांडी ठोकून बसला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना. राग कुठल्या कुठे गेला. शेवटी मीच त्याला खरं काय ते सांगितलं.

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे मला हाकललं?"

"एकदम इज्जतीने!"

तो उठला, दारापर्यंत गेला... आणि तिथेच थबकला. "ऋता, तुम्ही अत्तर लावून निरोप देताय... आणि पाहुणा जागचा हलतच नाही. वासच तसा आहे! बस्स, एवढीच जाहिरात. आणि शेवटी एकच ओळ— 'बनवलं ऋताने, काशीत.' चालेल?"

"चालेल!" मी म्हणाले.

मग आठवडाभर आम्ही त्याच जाहिरातीचा कच्चा नमुना करत बसलो. नावेतून रामनगरला जाताना तो मला भुवई कशी उचलायची ते शिकवायचा, आणि मी चुकले की म्हणायचा, "राहू दे, चुकलेलीच छान दिसतेस." 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही. पाण्यात बोटं बुडवून त्याच्यावर थेंब उडवले की तो चष्मा पुसत बसायचा... आणि चष्म्याविना माझ्याकडेच बघायचा.

कंपनीच्या मुक्ता मॅडम मुंबईहून पडद्यावर आल्या. सगळं पाहून त्या म्हणाल्या, "गोड आहे. पण ऋषी राहू द्या. खपतो तो."

एवढी मोठी कंपनी पुन्हा कधी दारात येणार? तरी मी ताठ बसले.

"मॅडम, ऋषी राहिला तर अत्तर मिळणार नाही. ते मी बनवलंय, आणि माझ्याच नावाने जाईल."

"आणि जाहिरातही मिळणार नाही," निनाद म्हणाला.

मी चमकून पाहिलं. नोकरी जाईल ना याची! पण तो पडद्याकडे पाहत होता, हनुवटी वर करून.

पलीकडे मॅडमनी चष्मा काढला.

"ऋता, खऱ्या जाहिरातीतही कॅमेऱ्यासमोर तुम्ही स्वतः उभ्या राहाल?"

"राहीन."

"मग ठरलं. ऋषीला सुट्टी!"

बाबा कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले, "माझी मुलगी आहे!" आणि डोळे पुसत आत गेले.

आम्ही घाटावर आलो. ऊन उतरत होतं, पायऱ्या अजून कोमट होत्या. निनाद काहीतरी बोलू पाहत होता— आणि ते जमत नव्हतं. हजार शब्द विकणारा माणूस!

"ऋता... मघाशी तू 'मिळणार नाही' म्हणालीस ना... मला इतका अभिमान वाटला... वाटलं, हे माझंच माणूस बोलतंय."

"तुझं माणूस? कधीपासून?"

"तू म्हणशील तेव्हापासून."

"मग नीट विचार ना. असं गोलगोल काय?"

त्याने खोल श्वास घेतला. "लग्न करशील माझ्याशी?"

अशा वेळी मुली खाली बघतात म्हणे. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि "हो" म्हणाले— इतक्या मोठ्याने, की खालच्या नावेतल्या माणसांनी माना वळवून पाहिलं.

पाहू देत की!