सुताराच्या डोक्यावरची खोली

दार लावून घ्या आधी. आणि तो मोबाईल उपडा ठेव बाबा. तोंडावर उजेड पाडून ऐकायची गोष्ट नाही ही. तुम्ही हिला भुताची म्हणाल. आमची वहिनी म्हणत नाही. ती म्हणते, "भुताची भीती नाही हो वाटली मला. किळस आली, ती जिवंत माणसांची."

वहिनी म्हणजे आमच्या चुलत भावाची बायको. तिचं काम जरा निराळं होतं. तुरुंगातून सुटलेली, नाहीतर कोर्टाने अटी घालून सोडलेली माणसं असतात ना, त्यातल्या काहींना भास होतात, कानात आवाज येतात, कुणाला दारूने आतून पोखरलेलं असतं. घरचे दारात उभं करत नाहीत. बाहेर कुणी खोली देत नाही. अशांसाठी एका संस्थेने तीन मजली घर घेतलं होतं. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. ते घर वहिनी चालवायची. कुणी गोळ्या घेतल्या, कुणाची तारीख कधी, कुणाला काम लागलं, कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, सगळं तिच्या गळ्यात. पोट दगडाचं होतं तिचं. तुंबलेला संडास हाताने मोकळा करून, हात धुऊन, त्याच हाताने डबा खायला बसायची. शिसारी कशाला म्हणतात ते तिला त्या मार्चपर्यंत माहीत नव्हतं.

मार्चमधला दुसरा शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगलं टिपूर चांदणं होतं. वहिनीला खरं तर सुट्टी. पण दुसऱ्या मजल्यावर एक सुतार राहायचा, त्याची सोमवारी कोर्टात तारीख होती आणि त्याच्याकडे धड सदरा नव्हता. हिने आमच्या भावाचा एक सदरा काढला, इस्त्री केली, पिशवीत घातला आणि जेवणं उरकल्यावर निघाली. "देऊन येते, अर्ध्या तासात परत," म्हणाली.

या सुताराने कधी काळी, आवाज सांगतात म्हणून, बाजारात ओळीने दुकानांच्या काचा फोडल्या होत्या. पण वर्षभर माणूस सुतासारखा सरळ. गोळ्या वेळेवर, फर्निचरच्या कारखान्यात काम, मालक खूश. सोमवारी वहिनीने कोर्टाला एवढंच सांगायचं होतं, की हा बरा आहे, भास थांबलेत. मग तो मोकळा. आणि भास पुन्हा सुरू झाले असं निघालं, तर रवानगी परत तुरुंगातल्या वेड्यांच्या कोठडीत.

वहिनी दुसऱ्या मजल्यावर पोचली तर सुतार खोलीबाहेर. जिन्याच्या पायरीवर, अंगाभोवती चादर, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"अहो, इथे काय करताय?"

त्याने घाईघाईने बोळे काढले. "काही नाही मॅडम. आत उकडतंय."

"उकडतंय? चादर घेऊन?"

 वहिनी शेजारी पायरीवर बसली. तिने सदरा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. माणूस सदऱ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"मॅडम, सोमवारी हे सांगणार नाही ना तुम्ही?"

"काय ते?"

"वर ठोकतायत."

वहिनीने जिन्यातून वर पाहिलं. सुताराच्या वरची खोली तर रिकामी होती. जानेवारीपासून कुलूप होतं तिला.

तिथे आधी एक म्हातारा ड्रायव्हर राहायचा. पिऊन ट्रक चालवला, माणूस मेला, शिक्षा भोगून आला. कुणाशी बोलायचा नाही. जानेवारीत वहिनीच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती आठ दिवस रजेवर गेली. मागे घर सांभाळायला संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. आपण त्याला भाचेबुवा म्हणू. गोरापान, गुळगुळीत, नखं कापलेली, सगळ्यांशी हसून बोलणारा. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक दार वाजवायचं, माणूस डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्याचं काम.

वहिनी रजेवरून आली ती जिन्यातच थबकली. गुलाबाचा वास. जिना, भिंती, कठडा, सगळं गुलाबाने माखल्यासारखं. आणि त्या गुलाबाच्या खाली दुसरा वास. तिसऱ्या मजल्यावर ड्रायव्हरच्या दाराशी सुगंधी फवाऱ्याचे रिकामे डबे रांगेने लावून ठेवलेले. दाराच्या फटीतून माश्या ये-जा करत होत्या. भाचेबुवा मागून येत म्हणाले, "म्हातारा आंघोळ करत नाही हो. दाराशी गेलं तरी मळमळतं. मग मी बाहेरूनच मारत होतो स्प्रे."

बाहेरूनच. दार न उघडता.

वहिनीने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ड्रायव्हर कॉटच्या बाजूला फरशीवर पालथा पडला होता. बाकीचं सांगत नाही. तुमचं जेवण झालंय. एवढं सांगतो, की त्याला उचलायला आलेली माणसंही एकदा बाहेर जाऊन आली.

अध्यक्षांनी डोळे पुसल्यासारखं केलं. म्हणाले, "झोपेत गेला बिचारा, सुटला." आणि रुमाल खिशात जायच्या आत, "फरशी बदलून घ्या. वास बसतो हो फरशीत." फरशी बदलली, रंग मारला, कुलूप लावलं. विषय संपला.

आणि आता हा सुतार म्हणत होता, वर ठोकतायत.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"आताचं म्हणताय, की तेव्हाचं?"

"तेव्हाचं म्हणजे?"

सुतार खाली मान घालून, सदऱ्याची घडी बोटांनी दाबत बोलू लागला. "तुम्ही रजेवर होता ना, तेव्हा. पहिल्या रात्री धप्प आवाज आला. मग ठोकणं सुरू झालं. फरशीवर. हाताने ठोकतात तसं. मी जाऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गोळी घेतलीस का? दुसऱ्या दिवशी आणखी दोनदा सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. माझ्या गोळ्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी फार हळू झालं होतं मॅडम. म्हटलं, चला, गोळ्या लागू पडल्या. मग थांबलं."

वहिनी सांगते, तिला पहिल्यांदा तिथे, त्या पायरीवर, ओकारी आली. कारण तिला ड्रायव्हरचा उजवा हात आठवला. बोटांच्या पेरांवरची कातडी गेलेली होती. तिला वाटलं होतं, मुंग्यांनी खाल्ली.

ती तशीच खाली गेली. ऑफिसात भाचेबुवा टेबलावर पाय टाकून बिस्किटं खात मोबाईलवर सिनेमा बघत होते. तिने सरळ विचारलं, "जानेवारीत सुताराने तुम्हाला सांगितलं होतं? वरून ठोकल्याचा आवाज येतो म्हणून?"

"हो की," भाचेबुवा म्हणाले. जराही न चाचरता. "तीनदा आला होता. डोकं खाल्लं माझं."

"आणि तुम्ही वर गेला नाहीत?"

"अहो मॅडम, त्याला रोजच काहीबाही ऐकू येतं. फाईलमध्येच आहे तसं. उद्या म्हणेल छपरावर हत्ती नाचतोय, तर मी शिडी लावू?" आणि ते हसले. ओठाला बिस्किटाचा चुरा लागला होता. तो जिभेने टिपून घेतला.

वहिनी म्हणते, टेबलावरचं पेपरवेट त्यांच्या तोंडावर मारावंसं वाटलं. मारलं नाही. एवढंच म्हणाली, "किल्ली घ्या. वर या माझ्याबरोबर."

आधी ती सुताराच्या खोलीत थांबली. दिवा चालू. सुतार दारात, भाचेबुवा जांभया देत भिंतीला टेकलेले. खाली रस्त्यावर एक कुत्रं भुंकलं. थांबलं.

मग आलं.

ठक.

बराच वेळ काही नाही.

ठक... ठक.

जोर नव्हता त्यात. दमलेल्या माणसाने हात कसाबसा उचलावा आणि तो आपल्याच वजनाने पडावा, तसं. वहिनीने सुताराकडे पाहिलं. सुताराने वहिनीकडे. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, तो एकदम रडायला लागला. "तुम्हालाही येतंय? मॅडम, खरंच येतंय?"

"येतंय," वहिनी म्हणाली.

"कसलं?" भाचेबुवा म्हणाले. "काय येतंय?"

ती जिना चढली. मागे भाचेबुवा. कुलूप उघडलं. नवी फरशी, नवा रंग, कॉट नाही, काही नाही. खिडकीतून चांदणं आत आलेलं. वहिनीने दिवा लावला. लागला नाही.

आधी गुलाब आला.

बंद खोलीत, दोन महिन्यांनी. गोड, चिकट, घशात उतरणारा. वहिनीने पदर नाकाला लावला. मग गुलाबाच्या खालून... ते दुसरं.

"वास येतोय तुम्हाला?"

"रंगाचा थोडा," भाचेबुवा म्हणाले. ते खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. हात खिशात. "बघा. आहे कोण? उगाच त्या येड्याच्या नादी..."

ठक.

त्यांच्या दोन पावलांच्या मध्ये.

वहिनीला फरशी दिसत होती. स्वच्छ. पांढरी. रिकामी.

ठक... ठक.

"काय झालं मॅडम? अशा काय बघताय?"

खरंच ऐकू येत नव्हतं त्यांना. सोंग नव्हतं ते. वहिनी म्हणते, तिथे तिला किळस आली. मेलेला माणूस ठोकतोय, याने नाही. त्याच्या डोक्याशी उभा राहून हा जांभई देत होता, याने.

काहीतरी घासलं. फरशीवरून. ओलं कापड ओढावं तसं. भाचेबुवांच्या बुटाकडे... थोडं. मग थांबलं. मग पुन्हा थोडं.

वहिनी गुडघ्यांवर बसली. का बसली, तिला सांगता येत नाही.  तिने मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी फरशीवर ठोकलं. दोनदा.

घासणं थांबलं.

"आले मी," ती म्हणाली. "ऐकलं. उशीर झाला... पण ऐकलं."

शांतता.

मग एकदाच. अगदी तिच्या हाताजवळ.

ठक.

त्यानंतर काही नाही. वास गेला. दिवा आपोआप लागला. भाचेबुवांनी डोळे मिचकावले, वहिनीला उठवायला हात पुढे केला. तो हात तिने धरला नाही. भिंतीचा आधार घेऊन उठली आणि बाहेर जाऊन कठड्यावरून खाली ओकली.

सोमवारी ती कोर्टात उभी राहिली. अध्यक्षांनी आदल्या दिवशी घरी येऊन, पाणी पिऊन, गोड आवाजात समजावलं होतं की जुनं उकरण्यात कुणाचंच भलं नाही. हिने सगळं उकरलं. त्या रात्रीचं नाही बोलली. कोण विश्वास ठेवणार? पण जानेवारीतलं सगळं सांगितलं. सुताराने तीनदा कळवलं होतं, तो खरं बोलत होता, आणि खरं बोलल्याबद्दल त्याच्या गोळ्या वाढवल्या. माणूस वर तीन दिवस जिवंत होता. ड्रायव्हरच्या हाताचंही सांगितलं.  सुतार मोकळा झाला, भावाच्या सदऱ्यात. सदरा खांद्यात जरा ढगळ होता.

भाचेबुवांचं काय, विचारताय? चौकशी बसली, उठली. मामांनी त्यांना संस्थेच्या दुसऱ्या घरात पाठवलं. तिथे म्हणे वरच्या हुद्द्यावर आहेत. असंच असतं ते. पुढच्या वर्षी अध्यक्षांचा सत्कार झाला, शाल, नारळ, भाषण. वहिनी पहिल्या रांगेतून उठून निघून आली.

नोकरी मात्र सोडली नाही तिने. एक नियम घातला, तो अजून चालतो. राहणाऱ्यांपैकी कुणीही काहीही ऐकलं, पाहिलं, हुंगलं म्हणालं, की आधी जाऊन दार उघडायचं. डॉक्टरांना फोन नंतर.

ठोकणं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. सुतार मोकळा झाला तरी महिनाभर तिथेच राहिला, नीट झोपला, मग कारखान्याजवळ खोली घेऊन गेला.

पण कोर्टाच्या आदल्या दिवसाचं, त्या रविवारचं राहिलंच. सकाळी सुतार उठला आणि त्याने वहिनीला वर बोलावलं. त्याच्या कॉटच्या बरोबर वर, छतावर, चार उंचवटे आले होते. लहान, गोल, ओळीने. मूठ वळलीत की पेरं वर येतात ना, तसे. वरून कुणीतरी स्लॅबमधून हात घातल्यासारखे. गवंडी आणला. त्याने ते तासले. आत स्लॅब अखंड, कुठे पोकळी नाही, ओल नाही. त्याने गिलावा केला, घोटून गुळगुळीत केला, रंग मारला, वाळेपर्यंत बसून राहिला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी चारही जागच्या जागी होते.

या डोळ्यांनी पाहिलेत ते, कॉटवर चढून, बोट फिरवून. उंचवटे पुन्हा आले होते, पण त्यांच्यावरचा गवंड्याचा तो नवा रंग कुठेही तडकला नव्हता.