वीस कॅसेटी, एक रडगाणं

माझे बातागोर, म्हणजे माशाचे तळलेले वडे, एका परक्या माणसाने खाल्ले, तिथून हे सगळं सुरू झालं.

बांडुंगचा दुपारचा पाऊस आमच्या कॅसेट उतरवून देण्याच्या दुकानाच्या पत्र्यावर ताशे वाजवत होता. मी मागे चहाचं पाणी ठेवून आले, तर काउंटरवर एक उंच, निथळता मुलगा शेवटचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवत होता.

"पाहुण्यांसाठी ठेवलेत ना?" त्याने विचारलं.

"माझं जेवण होतं ते."

तो घास तोंडात धरून तसाच थिजला. मग हळूच बशी पुढे सरकवत म्हणाला, "चटणी आहे अजून थोडी..."

मला राग यायला हवा होता. आलं मात्र हसू.

त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कॅसेट काढली. वरचं नाव मी दोनदा वाचलं. कुए बालोक, माझा लाडका बँड. म्हणजे हा दिकदिक, त्यांचा गायक. यांची सायकलीची, पतंगांची, गारेगारची गाणी ऐकत तर माझं कॉलेज सरलं होतं.

"नवा अल्बम आहे. वीस नकला हव्यात," तो म्हणाला. "भरभर उतरवणाऱ्या यंत्रावर नको हं, नेंग. खर्जातला आवाज फाटतो. एकेक, सावकाश."

"तुमच्या गाण्यात खर्ज कधीपासून, कांग?" आमच्याकडे अनोळखी मुलीला नेंग म्हणतात, मुलाला कांग.

"या वर्षापासून," तो म्हणाला आणि नजर पावसाकडे वळवली. "बाकीच्यांना भीती वाटते की लोक पळून जातील. शनिवारी ठरवायचंय. हा काढायचा, की गुंडाळून ठेवून पुन्हा गोडगोड गायचं. तुम्ही ऐकालच... खरं सांगाल?"

दुसऱ्या दिवशी तो विचारायला आला, हातात भरपाईचे बातागोर घेऊन. तोवर माझ्या तीनच नकला झाल्या होत्या. संथ, काळोखी गाणी, नि तो आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मला एकही आवडलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणाले.

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "आई छान म्हणते. मेव्हणा छान म्हणतो. आपल्याकडे तोंडावर वाईट म्हणतं कोण? बाबा गेले तेव्हा सात दिवस मी दारात उभा राहून प्रार्थनेला येणाऱ्यांच्या हातात खाऊचे खोके देत होतो. हसून. कसा आहेस विचारलं की, बरा आहे. ही गाणी त्या सात दिवसांची आहेत."

मला खूप काही बोलायचं होतं. "चहा घेता?" एवढंच निघालं तोंडातून. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तो रोज यायचा. मी तिखट जास्त घालते म्हणून चिडवायचा, मी त्याच्या ओल्या केसांना नावं ठेवायची. गाण्यांचा विषय दोघंही टाळायचो. शुक्रवारी वीस नकला पिशवीत भरून देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि दोघांनीही हात काढायला जरा उशीरच केला.

शनिवारी दुपारी तो पुन्हा दारात उभा. पिशवी तशीच हातात.

"बिघडल्या का?" मी पिशवीकडे हात केला.

"नाही... पण एक विचारू? तुमच्या दुकानात मांजर आहे का?"

मांजर होती, आणि नकला उतरवताना मी तिच्याशीच बडबडायची. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक नकलेच्या सुरुवातीला माईकवर तिचा क्रमांक बोलायचा, मग माईकचं बटण खाली करायचं. नंतर नुसतं पहिलं मिनिट तपासायचं. मी बटणाकडे पाहिलं. ते वर होतं. चार दिवस वरच होतं, म्हणजे माईक सुरूच, आणि माझी सगळी बडबड कॅसेटींवर.

धरणीने पोटात घ्यावं तर घेतही नव्हती.

"मी सगळ्या ऐकल्या," तो शांतपणे म्हणाला. "क्रमाने. पहिलीत तू म्हणतेस, काय मेलं रडगाणं. तिसरीत म्हणतेस, याला कुणीतरी ऊन दाखवा."

"कांग, माफ करा, मी..."

"थांब. सातवीत तू गुणगुणायला लागतेस. नववीत एक शब्द नाही, नुसता तुझा श्वास ऐकू येतो. सगळ्यात जास्त वेळा मी नववीच ऐकली. अकरावीत मांजरीला सांगतेस की तुझी आई गेली तेव्हा तू नुसती भांडी घासत बसलीस. आणि मग रडतेस." त्याने पिशवीतून अकरावी काढून माझ्यासमोर ठेवली. "वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासोबत रडलं, नेंग."

मी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"बँडला मी फक्त पहिली आणि नववी ऐकवली. पळून जाणारेही थांबतात, हे त्यांना पटलं. अल्बम निघतोय. आहे तसाच."

"बरं झालं..." मी कशीबशी म्हणाले. "बाकीच्या मात्र पुसून टाकते मी."

"सतरावी देणार नाही." आता कुठे त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "त्यात मांजरीला जे सांगितलंस ते मला तोंडावर सांगशील? नुसतं छान नाही. खरं."

पत्र्यावरचा पाऊस थांबत आला होता. कान तापले होते, पण आता मागे फिरायचं नव्हतं.

"खरं सांगू? तुमचं शेवटचं गाणं एक मिनिट जास्त लांबलंय."

त्याने मान डोलावली.

"आणि... मला तुम्ही आवडता. फार."

त्याने पिशवी खाली ठेवली. माझ्या हातावर हात ठेवला, आणि या वेळी काढला नाही.

"ते एक मिनिट आजच कापतो," तो म्हणाला. "दुसरं मात्र पुन्हा एकदा म्हण."