शनिवारची वाटी

चिनीमातीची वाटी. काठाला निळी वेल, वेलीचं एक पान उडालेलं.

*

शनिवारी त्र्यंबकला कुणाकडेच जेवण नसे.

*

नदीचं नाव असलेली मुलगी सून करून आणू नये, असं शास्त्रात आहे म्हणे.

*

मालधक्क्यावर गणपती, आणि वर पत्र्यावर पाऊस.

*

"धोंडाकाकू चढल्यात जरा. पाणी द्या त्यांना."

*

पावसापासून सुरुवात करू.

पस्तीस साली लोणावळ्याच्या रेल्वेवाल्यांनी मालधक्क्याच्या शेडमध्ये गणपती बसवला होता. दुपारी तळेगावचे कुणी जलतरंग वाजवणार होते. तारमास्तरांची मुलगी इंद्रायणी आरतीचं तबक ठेवायला जरा आधीच आली, आणि पाहते तर काय – जाजमावर अर्धगोलात वाट्या मांडलेल्या. एकीत पाणी काठोकाठ, दुसरीत अर्धं, तिसरीत जेमतेम बूड भिजेल इतकं. जवळ चिटपाखरू नाही.

इंद्रायणीने जलतरंग जन्मात पाहिला नव्हता. पंगतीत वाढण्यात मात्र तिचा हात धरणारं चाळीत कुणी नव्हतं. एकाच पंगतीत हा असला भेदभाव? तिने तांब्या उचलला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या वाट्यांना सारखं पाणी वाढलं. काठाखाली बोटभर. अगदी निगुतीने.

वादक आला. उंच, किडकिडीत, ओल्या टोपीचा. मांडी घालून बसला, काडी पहिल्या वाटीवर टेकवली... मग दुसरीवर... तिसरीवर. मग त्याने मान वर केली.

"पाणी कुणी घातलं?"

"मी," इंद्रायणी म्हणाली. "कमी-जास्त होतं. पंक्तिप्रपंच बरा नव्हे."

तो रागावणार होता. तोंड उघडलंही होतं त्याने. पण ते 'बरा नव्हे' ती इतक्या गंभीरपणे म्हणाली होती की त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग त्यातून हसू आलं. खांबाला टेकून बसलेल्या मारुती हमालाने तिची बाजू घेतली. "ताईंचं काय चुकलं, मास्तर? मला बी वाटलं, खीर वाढत्याल आता."

शिक्षा म्हणून तिने पळी घेऊन शेजारी बसायचं ठरलं. तो काडी टेकवी, कान देई, आणि सांगे. विठाकाकूंचं थोडं काढा. बयाकाकू ठीक आहेत, त्यांना हात लावू नका, त्या लगेच रुसतात. धोंडाकाकू चढल्यात, त्यांना पाणी द्या.

"या सगळ्या काकू कोण?" तिने वाटीतून नजर न काढता विचारलं.

"नंतर सांगेन."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे... भेट झाली तर."

*

भेट झाली. इंद्रायणीच्या वडिलांना, अण्णांना, गाण्याचं वेड; त्यांनीच त्याला घरी बोलावलं. दर रविवारी सकाळच्या गाडीने त्र्यंबक येई, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गवतात गुंडाळलेल्या काकू. तळेगावच्या काचकारखान्यात तो नोकरीला होता, पण त्याची आठवण त्याला स्वतःलाच करून द्यावी लागे.

काकूंची गोष्ट त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मानमोडीच्या साथीत आई-वडील दोन्ही गेले. मग तो वार लावून जेवला. रविवारी बयाकाकूंकडे, सोमवारी विठाकाकूंकडे, असं एकेक घर. मोठा झाला, पगार सुरू झाला, तेव्हा शेवटचं जेवून उठताना त्याने प्रत्येक घरातून एक वाटी मागून घेतली. ज्या वाटीत आमटी वाढली जाई तीच. तिला घरच्या बाईचं नाव दिलं. बयाकाकू षड्ज, विठाकाकू ऋषभ, मंगळवारच्या धोंडाकाकू गांधार. बाकीच्या लहान वाट्या म्हणजे त्यांच्या लेकीबाळी.

"आणि ही?" इंद्रायणीने निळ्या वेलीची वाटी बोटाने फिरवली. निषाद होता तो. तिला त्र्यंबक नुसतं 'ती' म्हणे.

"ती बाजारातून आणली. शनिवारी घर मिळालं नव्हतं. मी मारुतीच्या देवळात बसायचो. लोक म्हणायचे, पोरगा फार भाविक आहे."

तो हसत होता. इंद्रायणी नाही हसली. उठून आत गेली आणि त्याच्यासाठी चहाबरोबर नको इतके पोहे घेऊन आली.

मग किती रविवार झाले कोण जाणे. धुकं खिडकीतून घरात यायचं, विचारायचंसुद्धा नाही, सरळ वाट्यांवर बसायचं. तो वाजवायचा आणि वाटायचं, धुकंच वाजतंय. तिला आता न सांगता कळे कुणाला पळीभर हवं, कुणाला थेंबभर. कधी दोघांचे हात एकाच वाटीकडे जात, आणि मग दोघेही हात मागे घेत, आणि पंचम तसाच बेसूर राही.

एकदा अण्णा त्यांना वलवणच्या धरणावर फिरायला घेऊन गेले. अण्णा भरभर पुढे. मागे ती दोघं. पाण्यावर ढग उतरलेले, पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

"एवढ्या मोठ्या वाटीला काय नाव द्याल?" तिने विचारलं.

"हिच्या हातचं जेवलो नाही अजून."

"म्हणजे जेवल्याशिवाय नाव नाही?"

"नाही."

"पोहे धरत नाहीत वाटतं..."

त्याचे कान लाल झाले, आणि ते लोणावळ्याच्या त्या गारव्यात तिला चांगलं दिसलं.

*

दसऱ्यानंतर पुण्याहून आत्या आली ती स्थळ घेऊनच. मुलगा वकिली करणारा. घर भरलेलं. अडचण एकच, पण ती सुटण्यासारखी: नदीचं नाव त्यांच्यात चालत नाही, मुलाच्या आईने तर तसं शास्त्रच काढून दाखवलं होतं. तरी एरवी लग्नात तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहितातच की. मुलीची जात, नाव काय जन्माला पुरतं का, असं आत्या म्हणाली.

मंडळी बघायला आली. इंद्रायणी चहाचं तबक घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाची आई प्रेमाने म्हणाली, "ये वत्सला, बस अशी."

इंद्रायणीने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

सगळे हसले. मुलगाही हसला, वाईट नव्हता बिचारा. आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई, जी पाहुण्यांसमोर कधी शब्द काढत नसे, ती म्हणाली, "तिला नाव आहे."

एवढंच. मग आई आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. पोह्यांच्या बशा आत्याला द्याव्या लागल्या. मंडळी मोठ्या मनाची निघाली. म्हणाली, दिवाळीपर्यंत कळवा.

*

त्र्यंबकला हे मालधक्क्यावरच कळलं; मारुतीच्या पोटात काही राहत नसे. त्या रविवारी त्याने वाट्या मांडल्या, पण वाजवलं नाही. अण्णा ड्यूटीवर गेलेले, आई मागच्या अंगणात. इंद्रायणी पळी घेऊन बसलेली.

"मी एक ठरवलंय," तो म्हणाला.

पळी थांबली.

"या निषादाला मी तुमचं नाव देणार. इंद्रायणी." तो रात्रभर विचार करून आला होता, डोळ्यांवरूनच दिसत होतं. "म्हणजे तिकडे तुम्ही वत्सला झालात, तरी इकडे... इकडे ते वाजत राहील. मी वाटी फुटू देणार नाही."

इंद्रायणी त्याच्याकडे बघत राहिली. इतकं गोड आणि इतकं बावळट कुणी एकाच वेळी कसं असू शकतं?

"म्हणजे मी जायचं," ती हळू म्हणाली, "आणि माझं नाव तुम्ही मांडीसमोर घेऊन वाजवत बसायचं."

"तसं नाही –"

"तसंच आहे. वाटीत ठेवायला मी काय लोणचं आहे?"

तिने निळ्या वेलीची वाटी उचलली, खिडकीशी गेली आणि पाणी बाहेर ओतून दिलं. वाटी पुसली, कोरडी करून त्याच्या हातात दिली. त्याने काकूंना एकेक करून गवतात गुंडाळलं. जाताना त्याला काहीतरी म्हणायचं होतं... गाडीची शिट्टी झाली.

पुढच्या रविवारी तो आला नाही. अण्णा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. आत्याचा निरोप आला, काय कळवायचं? इंद्रायणीने उत्तर दिलं नाही. पिंपात पाणी भरताना तिला प्रत्येक तांब्याचा स्वर ऐकू येई आणि तो जरासा उतरलेला असे.

*

मग त्र्यंबक आला. भर दुपारी, पानं मांडायच्या वेळी. पिशवी नाही. हातात फक्त ती एक वाटी.

"आज रविवार नाही," दारात उभी इंद्रायणी म्हणाली.

"माहीत आहे. शनिवार आहे." त्याने चपला काढल्या, तरी उंबऱ्याबाहेरच थांबला. "म्हणून आलो. जेवायला."

ती दारातून बाजूला झाली. आतून आईने एक पान वाढवल्याचा आवाज आला, पाट सरकल्याचा.

तो जेवला. अण्णांना काय चाललंय ते अर्धंच कळलं, पण अर्ध्यावरही ते खूश होते. आईने त्याच्याच वाटीत आमटी वाढली, दोनदा. अण्णा म्हणाले, चला, निषादाला एकदाचं नाव मिळालं. आता आईचंच ठेवा. आईने मान हलवली. "राहू दे तिला तशीच. नाव नाही म्हणून वाजत नाही असं थोडंच आहे?"

आणि वाटी घासायला ती स्वतः मागे घेऊन गेली. बराच वेळ लागला तिला.

ओसरीवर ती दोघं. ऊन स्वच्छ, पाऊस कधीचा संपलेला.

"अण्णांना विचारणार आहे मी," त्र्यंबक म्हणाला. "आधी तुम्हाला... म्हणजे तुमची..."

"विचारा की."

"विचारलं."

ती हसली. मग हसणं बाजूला ठेवून म्हणाली, "आणि ताटात नाव काय लिहाल?"

त्याने विचार केला. खरोखरच केला, सूर तपासताना करायचा तसा, मान किंचित कलती करून.

"नावं मी घेतली आहेत. ज्यांनी वाढलं त्यांची. दिलं कधी कुणालाच नाही." तो थांबला. "मला ते येत नाही, इंद्रायणी."

तो तिला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"हं," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा."

*

इंद्रायणीच्या आधी तिच्या आईला एक मुलगी झाली होती. बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. तिला नाव नव्हतं.